साहेब, गरम देऊ की थंड?

"ताई, माझं वय २७. सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरवर बसतो. आजोबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात मोगऱ्याच्या अत्तराची करंगळीएवढी बाटली सापडली, ती मी मागून घेतली आणि ऑफिसला जाताना लावायला लागलो. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, 'काय रे, वास आला, वेणी कुठाय?' तेव्हापासून माझं नाव 'वेणीबाई' पडलंय. शिपाईसुद्धा हसतो. माझं लग्न ठरलंय, वैशाखात आहे. होणाऱ्या बायकोनं वाढदिवसाला एक महागडा परफ्यूम दिला, वर 'फॉर मेन' लिहिलेला. तो मारला की तासाभरात डोकं धरतं. ती म्हणते, 'मोगरा नको रे, तुझ्याशेजारी बसलं की देवळात बसल्यासारखं वाटतं.' घरात आणखी एक. धाकटी बहीण कॉलेजला जाताना माझा डिओ मारते, तर आई ओरडते की पोरीच्या जातीला पुरुषाचा वास कशाला. ताई, मोगरा खरंच बायकी असतो का? की मीच बावळट? आणि मी लावू तरी काय?"
— वेणीबाई (खरं नाव छापू नका), सांगली

बाळा, मी साठी ओलांडली आहे, तेव्हा 'तू' म्हणते. पत्राखाली तू स्वतःच 'वेणीबाई' अशी सही केलीस ते पाहून मी हसले, आणि जरा निर्धास्तही झाले. टोपणनावाची सही करण्याइतकं ज्याला हसू येतं, त्याचं फार काही बिघडलेलं नसतं.

आधी आमच्या घरातली एक सकाळ सांगते. वडील शाळामास्तर. आंघोळ झाली की देवघरासमोर बसायचे, सहाणेवर पळीभर पाणी घालायचे आणि चंदनाचं खोड उगाळायला घ्यायचे. सुरुवातीला खरखर वाजायचं, मग आवाज हळूहळू मऊ होत जायचा. तो मऊ झाला की गंध तयार झालं हे आम्हाला स्वयंपाकघरात बसून कळायचं. देवांना लावून झालं की अनामिकेनं स्वतःच्या कपाळाला, मग कानाच्या पाळ्यांना, आणि सहाणेला उरलेलं दंडाला. दुपारी मी डबा घेऊन शाळेत जायची तेव्हा त्यांच्या खुर्चीपाशी चंदनाचा वास असायचा, खडूच्या भुकटीत मिसळलेला. गावातल्या वात्रट पोरांनी मास्तरांना नावं बरीच ठेवली होती, पण मास्तरांच्या अंगाला बायकी वास येतो असं एकालाही सुचलं नाही.

आता शब्द बघ. बाई कपाळाला लावते ते कुंकू. पुरुष लावतो ते गंध. गंध म्हणजे वास! पुरुषाच्या कपाळावरच्या खुणेला मराठीनं नावच सुवासाचं दिलंय, आणि तुमच्या काउंटरवर ठरलंय की सुवास बायकांचा. वारकऱ्याच्या कपाळी बुक्का असतो, तोही वासाचाच. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरून गुलालानं माखून उतरणाऱ्या गड्यांच्या हातात दवण्याच्या जुड्या असतात. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तुझ्या त्या शेजारच्या टेबलावरच्यांनीही उटणं चोळलेलंच असतं की. त्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या. वर गुलाबाच्या वासाचा साबण. त्या दिवशी फराळाला एकमेकांकडे गेलात तर कुणी कुणाची वेणी शोधत नाही.

पण यातली खरी गंमत मला आमच्या मामांमुळे कळली. मामा मिरजेचे. अंगात पांढराशुभ्र सदरा, कानाच्या वरच्या वळणात अत्तराचा फाया, आणि उन्हाळ्यात कधीमधी मनगटाला गजरा. आजी त्यांचा सदरा धुवायला टाकण्याआधी एकदा हुंगायची आणि तिचे ओठ मिटायचे. त्या काळी ज्याच्या कानात फाया आणि मनगटाला गजरा, तो कुठं निघालाय हे शेजाऱ्यांना विचारावं लागत नसे. तमाशाचा फड, नाहीतर माडी. शौकीन, रंगेल, छानछोकीचा असे शब्द होते त्याला, आणि ते बोलताना बायका आवाज खाली आणायच्या. मामा बिचारे जायचे गाण्याच्या बैठकीला, मिरजेत तेव्हा गाण्याला तोटा नव्हता. पण आजीचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही.

म्हणजे साठ वर्षांपूर्वी मोगऱ्याचा वास येणाऱ्या पुरुषावर आरोप होता की हा बाईकडे चाललाय. आज आरोप आहे की हा बाई झालाय. मोगरा तोच, माणूसही तसाच सरळ, आरोपानं मात्र पार कोलांटउडी मारली. तुझ्या आजोबांनाही कुणी ना कुणी बोललं असेलच, फक्त वेगळं. आजीला विचारून बघ. मला तर वाटतं तुला एखादी चांगली गोष्ट ऐकायला मिळेल.

आणखी मागं गेलं तर आरोपही सापडत नाही. दरबार उठला हे सांगायची रीतच पानसुपारी आणि अत्तर-गुलाब ही होती. तलवारी लावून आलेले सरदार हात पुढं करायचे, त्यावर अत्तर लागायचं, मग घरी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बाराव्या शतकातला; त्याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांची लांबलचक यादी आहे, तिच्यात अंगाला लावायच्या उट्या आणि धूप यांना मानाची जागा आहे. त्याच्याही सहाशे वर्षं आधी वराहमिहिर या ज्योतिषानं 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध बनवण्याच्या विद्येवर, अख्खा अध्याय घातला आणि गणित मांडलं, की १६ द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० वेगवेगळी मिश्रणं होतात. त्या हिशेबात 'जेंट्स' आणि 'लेडीज' असे रकाने नाहीत. मराठीचंच हवं असेल तर 'गंधवाद' नावाच्या ग्रंथावरची मराठी टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं लिखाण, आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी ती उजेडात आणली आणि तिचा काळ साधारण १३५० ते १५५० असा धरला. आपल्या पूर्वजांनी सुगंधाच्या कृती मराठीत समजावून लिहिल्या, आणि आपण मात्र वासाला नावं ठेवण्यापलीकडे जात नाही.

मग लोक वासांची वाटणी करतच नव्हते का? करत होते. फक्त रेघ दुसरीकडे होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी आणि आमचे हे मुंबईत मोहम्मद अली रोडला एका अत्तरवाल्याकडे गेलो होतो. चिंचोळं दुकान, भिंतभर काचेच्या कुप्या, मधे पांढरीशुभ्र गादी. म्हाताऱ्या मालकांनी यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, गरम देऊ की थंड?" आम्हाला वाटलं चहा-सरबताचं विचारतायत. आम्ही म्हटलं, नको नको, आत्ताच घेऊन आलो. ते इतके हसले!

मग त्यांनी समजावलं. हिना, शमामा, केशर, कस्तुरी, अंबर ही गरम अत्तरं, थंडीत लावायची. गुलाब, मोगरा, केवडा, वाळा आणि मातीचं अत्तर ही थंड, उन्हाळ्यात लावायची. मातीचं अत्तर म्हणजे खरोखर मातीचंच. कनौजला भाजलेली माती तांब्याच्या डेगीत उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती थंड करायच्या भांड्यात, उतरवतात, आणि भपक्यातल्या चंदनतेलात पहिल्या पावसाचा वास धरून ठेवतात. म्हातारेबुवा काचेची काडी बुडवायचे, हाताच्या पाठीवर रेघ ओढायचे आणि सांगायचे, "चोळू नका, नुसतं वाळू द्या." यांच्या हाताला रेघ, मग माझ्या. दोघांना एकच कुपी. अख्ख्या तासाभरात त्यांच्या तोंडून 'हे बाईंसाठी' असा शब्द निघाला नाही. ऋतू विचारला, दिवसा लावणार की रात्री ते विचारलं, अंगाला घाम किती येतो तेही विचारलं. शेवटी आम्ही हिना घेतला आणि दोघांनी मिळून संपवला.

तेव्हा तुझा मोगरा बायकी की पुरुषी, याचं त्या धंद्यातलं उत्तर एका शब्दाचं आहे: थंड. तुझं लग्न वैशाखात. ह्याहून योग्य वेळ मोगऱ्याला मिळायची नाही.

हे 'फॉर मेन' आलं कुठून? बाटलीवरच्या कागदातून, दुसरं काय. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली फरीना नावाच्या इटालियन अत्तरवाल्यानं लिंबू-संत्र्याच्या वासाचं पाणी विकायला काढलं. ते बायकाही लावायच्या, पुरुषही. नेपोलियन तर त्याच्या बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करायचा. आज अमेरिकेत 'कोलोन' म्हटलं की पुरुषांचं सेंट. आपल्याकडे? माझ्या लहानपणी ताप चढला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची. एकच पाणी, एका देशात मर्दानगी आणि आमच्या घरात तापावरचा उपाय. मला अजूनही तो वास आला की शाळेला सुट्टी आहे असं वाटतं. आणि ओल्ड स्पाइस? तुझ्या वडिलांनी दाढीनंतर गालावर थापलं असेल ते. १९३७ साली अमेरिकेत ते नाव पहिल्यांदा बाजारात आलं ते बायकांच्या मालावर. पुरुषांसाठीचा माल १९३८ ला. हे तुझ्या शेजारच्या टेबलावरच्यांना सांगू नकोस, बिचाऱ्यांची दाढी राहून जाईल.

आपल्याकडे डिओचे डबे आले आणि जाहिरातींनी पोरांच्या डोक्यात भलतंच भरलं. फवारा मारला की पोरी मागं धावतात म्हणे. इतकं झालं की २०११ साली सरकारला सांगावं लागलं, या जाहिराती बदला नाहीतर काढा. जून २०२२ मध्ये तर एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती बायकांवरच्या अत्याचाराची थट्टा करतात म्हणून माहिती व प्रसारण मंत्रालयानं हटवायला लावल्या. त्या डब्यात असतं काय, तर स्पिरिट, गॅस आणि थोडा सुगंध. काळा डबा, टोकदार अक्षरं म्हणजे पुरुषाचा. गुलाबी डबा, वेलबुट्टी म्हणजे बाईचा. आखातात जाऊन बघ. माझा भाचा मस्कतला असतो, तो सांगतो, तिथले दाढीवाले धिप्पाड पुरुष गुलाब आणि ऊद लावून कामाला येतात. ऊद म्हणजे आपल्या 'उदबत्ती' या शब्दातला ऊद बरं का; त्यालाच संस्कृतात अगरु म्हणतात, म्हणून तीच अगरबत्ती. भाच्यानं गेल्या खेपेला मला एक बाटली आणली. महिनाभर लावल्यावर खाली बारीक अक्षरात 'पुरुषांसाठी' लिहिलेलं दिसलं. अजून तरी मला मिशा फुटलेल्या नाहीत.

इथपर्यंत वाचून तू खूश झाला असशील. आता जरा खुर्ची पुढं ओढ, कारण मला तुझ्या सहकाऱ्यांची बाजूही थोडी घ्यायची आहे.

मराठीत वाईट वासांना शब्द किती आहेत बघ. कुबट, खवट, आंबूस, करपट, वशट, घामट, उग्र. खाण्याच्या वासाला खमंग आहे, खरपूस आहे. पण अंगाला लावायच्या चांगल्या वासाला? सुवास, सुगंध, परिमळ, दरवळ, घमघमाट. सगळे नुसतं 'छान' एवढंच सांगतात. गोड आहे की तुरट, जड आहे की हलका, हे रोजच्या बोलण्यात सांगायचं तर शब्द सापडत नाही. मग माणूस हाताशी असेल तो शब्द फेकतो: बायकी. जेंट्स. देवळासारखा. म्हाताऱ्यासारखा. साधा 'वास' शब्द घे. 'वास येतोय' म्हटलं की आपण आधी बूट तपासतो. क्रियापदंही तशीच. अत्तर लावतात, सेंट मारतात, डिओ फवारतात. अत्तर 'मारलं' असं कुणी म्हणत नाही, आणि 'सेंट मारून आलाय' यात थोडी टर असतेच. 'वास मारतोय' तर सरळ घाण.

म्हणून मला शंका येते, की तुमच्या काउंटरवर 'बायकी' म्हणताहेत त्यातल्या निम्म्या वेळा त्यांना म्हणायचंय 'जास्त'. हे तोंडावर सांगायला माणूस संकोचतो, मग चेष्टा करतो. मोगऱ्यात इंडोल नावाचा एक पदार्थ नैसर्गिकच असतो. थोडा असला तर फुलाला जिवंतपणा येतो. फार झाला की डांबराच्या गोळ्यांसारखं वाटायला लागतं, आणि त्याहून जास्त झाला तर पुढचं मी सांगत नाही, कारण इंडोल विष्ठेतही असतो. त्यात तुमचं ऑफिस एसीचं, खिडक्या बंद, समोर गिऱ्हाइकांची रांग. आणि नाकाची एक खोड असते. स्वतःच्या अंगावरचा वास त्याला थोड्याच वेळात येईनासा होतो. तू म्हणतोस उतरलं वाटतं, आणि जेवणाच्या सुट्टीत आणखी एक बोट. तू लिहिलेलं नाहीस, पण माझी खात्री आहे की तू ते करतोस. करतोस ना?

तर आधी हे करून बघ. आठवडाभर दिवसातून एकदाच. काडीच्या टोकाला येईल तेवढं, मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा कानामागं, चोळायचं नाही. अत्तर तेलाचं असतं, ते अंगाच्या उबेनं हळूहळू उलगडतं. हात मिळवला किंवा शेजारी बसलं तरच कळावं, रांगेतल्या तिसऱ्या माणसाला कळू नये. कामाच्या जागी ह्याहून जास्त कुणाचाच वास नको. बाईचाही नको आणि तुमच्या साहेबांच्या त्या स्प्रेचाही नको, जो लिफ्टमध्ये त्यांच्या आधी येतो आणि त्यांच्या नंतर जातो. (तुमचे साहेब मी पाहिलेले नाहीत. पण प्रत्येक ऑफिसात असे एक असतात.)

त्यानंतरही नाव चालूच राहिलं, तर ती मात्र निव्वळ टवाळी. चिडलास की नाव चिकटतं, हे तुला सांगायला नको. एकदाच, चहाच्या वेळी, सहज त्यांना विचार, वेणीत खोवतात ते केवड्याचं कणीस नराचं की मादीचं? सगळे मादी म्हणतील. तो घमघमणारा केवडा नर झाडाचा असतो. मादीला अननसासारखं फळ धरतं, ते वेणीत खोवायला कुणी जात नाही. ओडिशात गंजामला केवड्याचं अत्तर काढतात तेही त्या नर कणसांचंच. एवढं सांग, चहा संपव आणि कामाला लाग.

शिपायाचं तू वेगळं लिहिलंस, ते मला खटकलं. तो हसतो म्हणून जास्त लागलं का तुला? ते तुझं तू बघ.

आता होणारी बायको. तिचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंस, मला ते तितकंसं वाईट वाटलं नाही. 'देवळात बसल्यासारखं वाटतं.' ती बायकी म्हणाली नाही, लक्षात घे. वास हा माणसाला थेट कुठल्यातरी जुन्या खोलीत नेऊन सोडतो. तुझ्यासाठी मोगरा म्हणजे आजोबा. तिच्यासाठी कदाचित आजीची वेणी असेल, कुठल्यातरी गावच्या देवीचा गाभारा असेल. आता मला सांग, नवऱ्याच्या जवळ बसावं आणि आजी आठवावी, हे कुणाला आवडेल? यात तिची काही चूक नाही, तुझीही नाही. तिला विचार, तुला मोगरा कुठला आठवतो? आणि मग तू आजोबांचं सांग. बाटली कुणाची आहे हे तिला माहीत आहे का, हे पत्रावरून मला कळलं नाही. माहीत नसेल तर चूक तुझी.

परफ्यूमचं तिला खरं सांग. "डोकं धरतं" हे दोन शब्द लग्नाआधी म्हणता आले नाहीत तर लग्नानंतर फार अवघड जातं. पण आधी एकदा मानेला न लावता कपड्याच्या आतल्या बाजूला, हातभर लांबून, एकच फवारा मारून बघ. तरी दुखलं तर तो वास तुझा नाही. आणि हे नीट ऐक: ती बाटली परस्पर बहिणीला देऊ नकोस. पहिल्या भेटवस्तूचा हिशेब बायका चाळीस वर्षं ठेवतात, मी ठेवलाय. त्यापेक्षा दोघं मिळून अत्तरवाल्याकडे जा. एका दिवसात चारच कुप्या हुंगा, त्यापुढं नाकाला काही कळत नाही. घरी या, दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालाला काय उरलंय ते बघा. वाळा बघ, तो दोघांनाही चालेल असं मला वाटतं. उन्हाळ्याचा आहे, आणि वाळ्याच्या वासानं देऊळ आठवत नाही, माठातलं पाणी आठवतं. शंभर-दोनशे रुपयांत 'चंदनावर उतरवलेला अस्सल' म्हणून कुणी काही दिलं तर खुशाल घे, पण अस्सल म्हणून घेऊ नकोस. चंदनाचं तेल त्या भावात येत नाही.

बहिणीचं शेवटी ठेवलं, कारण त्यात मला राग येतो. तुला 'बायकी' म्हणून हसतात, तो ताप आहे खरा, पण तू वास बदललास की संपतो. तिचा संपत नाही. तिनं भावाचा डिओ मारला तर 'पुरुषाचा वास कशाला'. उद्या तिनं स्वतःच्या पैशानं गुलाबाचं सेंट आणलं तर तीच आई, नाहीतर काकू, नाहीतर समोरच्या वहिनी विचारतील, "एवढं सेंट मारून कुठं निघालीस? कुणासाठी?" काहीच लावलं नाही आणि बसमधून घामेजून आली तर "मुलीच्या जातीनं जरा टापटीप राहावं." आमच्या लहानपणीही हेच होतं. हळदीकुंकवाला बायकांनी एकमेकींच्या हाताला अत्तर लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, चालायचं. तीच बाई संध्याकाळी तेच अत्तर लावून एकटी बाहेर पडली की नजरा. सुवास घरात असेल तर सौभाग्याचा, रस्त्यावर गेला की संशयाचा.

आईशी तू बोल. बहिणीला बोलायला लावू नकोस, तिचं बोलणं उलट उत्तर ठरेल. आईला म्हण, "तिला माझ्या डिओचा वास आवडतो, मला मोगऱ्याचा. आपल्या घरात उलटं झालंय, राहू दे." आई हसली तर काम झालं. नाही हसली तर तिला विचार, बाबा घरी यायच्या वेळेला तू पूर्वी काय लावायचीस? बघ काय म्हणते. आणि पुढच्या महिन्यात डिओ आणशील तेव्हा दोन आण, एक तिचा. भावाचा चोरून वापरायला लागू नये एवढं तरी.

राहता राहिली ती बाटली. करंगळीएवढी म्हणतोस, म्हणजे फार उरलं नसेल. रोज ऑफिसला लावून ते संपवू नकोस. रोजच्यासाठी वाळा किंवा दुसरा एखादा मोगरा आण. आजोबांच्या बाटलीचं बूच घट्ट बसव, कापसात गुंडाळ, पत्र्याच्या डबीत घालून कपाटात खालच्या कप्प्यात ठेव, खिडकीपाशी नको, ऊन लागलं की अत्तर बिघडतं. वैशाखातल्या त्या सकाळी, मुंडावळ्या बांधायच्या आधी, आजीला हाक मार आणि तिच्याच हातानं कानामागं एक बोट लावून घे.